आठ वॅटचा माणूस

दुकानात तीन पेट्या ओळीने मांडल्या होत्या आणि बाई पाऊण तास त्यांच्यासमोरून हलल्या नव्हत्या. धाकटी पेटी जेवणाच्या डब्याएवढी, थोरली चक्क सुटकेसएवढी आणि मधली या दोघींच्या मधली. तिघींनाही वर धरायला मूठ, पुढे प्लग लावायच्या जागा आणि आकडे दाखवणारी छोटी काच. घरी चार्ज करायची, जिथे वीज नाही तिथे न्यायची आणि वापरायची, एवढंच काम. पण एवढ्याशा कामाला तीन-तीन आकार असले की चांगल्या माणसाचं डोकं चालेनासं होतं.

बाईंच्या हातात कागद होता. शाळेच्या ग्रंथालयात तेहेतीस वर्षं काढलेली बाई, रकाने आखल्याशिवाय तिला विचारच करता येत नसे. एका रकान्यावर ‘ह्यांचं’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘माझं’. ‘ह्यांचं’खाली एकच ओळ: श्वासाचं मशीन, रात्री आठ तास, दोन रात्री. ‘माझं’खाली काहीच नव्हतं.

“काकू, सोपं करून सांगतो,” दुकानदार चष्मा कपाळावर चढवून म्हणाला. “वॅट म्हणजे नळ. वॅट-तास म्हणजे टाकी. नळ केवढा सोडणार ते सांगा, टाकी मी देतो. मशीन ओढतं किती?”

“पाणी गरम करायचं चालू असेल तर पंचेचाळीस.” मशीनला एक छोटी पाण्याची टाकी होती, तिच्यातून हवा ओलसर होऊन यायची, म्हणजे नाक कोरडं पडत नसे.

“आणि ते बंद ठेवलं तर?”

“आठ.”

“फक्त आठ? मग बंदच ठेवा की. पंचेचाळीसनं दोन रात्री काढायच्या तर तुम्हाला ही थोरली घ्यावी लागेल. उचलून बघा एकदा.”

बाईंनी थोरली दोन्ही हातांनी उचलली आणि तितक्याच तातडीने खाली ठेवली. तेरा किलो. यजमानांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा प्रवासात ओझं उचलायचं ते बाईंनीच. धाकटी करंगळीवर उचलण्यासारखी होती, पण एखाद्या रात्री नाक चोंदलं आणि पाणी गरम करावंच लागलं, तर ती पहाटेच्या आत हात टेकणार होती. मधली साडेसहा किलोची. टाकी पाचशेची, त्यातले सव्वाचारशे हाती लागतात, बाकीचे पेटी स्वतःच खाते, असं दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं. बाई मधली पेटी हातात घेऊन दुकानात दाराशी जाऊन आल्या, मग पुन्हा एकदा जाऊन आल्या. गुडघा थोडा कुरकुरला, पण गुडघ्याचं ऐकायचं नाही असं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

“हीच द्या,” त्या म्हणाल्या.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. बाईंचे यजमान लिफ्टचे मिस्त्री. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, आणि ते समोर नसले की बाईसुद्धा. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून दोघं दरवर्षी थंडी सरता सरता तळ्याकाठच्या मैदानावर दोन रात्री तंबू ठोकून राहायची. लेक झाली तेव्हा तिलाही काखोटीला मारून नेली. लेक मोठी झाली, परगावी गेली, तरी दोघं जातच राहिली. मग तीन वर्षांपूर्वी झोपेत मिस्त्रींचा श्वास अडकायला लागला. घोरता घोरता माणूस एकदम गप्प व्हायचा आणि बाई अंधारात आकडे मोजत बसायच्या. एक, दोन, तीन. एकदा एकवीसपर्यंत मोजून झालं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतून रात्रभर हवा. श्वास अडकायचा थांबला.

आणि त्याच आठवड्यात मिस्त्री आपली गादी उचलून मागच्या खोलीत गेले. “मशीनचा आवाज होतो. तुझी झोप मोडेल,” म्हणाले. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. माणूस आजारातून उठलाय, त्याला कशाला टोचायचं, असा विचार केला आणि तिथेच चुकल्या. एक दिवस गेला, महिना गेला, आणि मग ती बोलायची गोष्टच उरली नाही. छत्तीस वर्षं ज्या घोरण्याला शिव्या दिल्या, ते घोरणं गेलं, त्याच्यामागून माणूसही भिंतीपलीकडे गेला, आणि बाईंची झोप उडाली. तळ्यावर जाणंही बंद झालं, कारण तंबूत वीज कुठली.

बाईंना तळ्याची ओढ होती हे खरंच, पण तंबूत मागची खोली नसते हे त्याहून खरं होतं. दुकानात त्या पेटी घ्यायला गेल्या होत्या असं म्हणायचं ते म्हणा.

पेटी घरी आली. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

“हे काय काढलंस आता?”

“तळ्यावर जायचंय. दोन आठवड्यांनी. जागा सांगून ठेवलीय.”

“तू जा की तुझ्या बहिणीबरोबर. मी येऊन काय करू? नाकाला सोंड लावून बसणार मी तिथे, शेजारच्या तंबूतली पोरं तिकीट लावतील बघायला.”

“तुम्हाला पेटीची खात्री नाही का?”

हा बाईंचा डाव होता आणि तो बरोबर लागला. यंत्राच्या खात्रीचा विषय काढला की मिस्त्री सोंड, पोरं, सगळं विसरायचे. त्यांच्या धंद्यात कागदावरच्या आकड्याला किंमत नव्हती. लिफ्टवर ‘सहा माणसं’ लिहिलं असलं तरी साडेसात माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या आत टाकायच्या, वर-खाली न्यायची, ब्रेक मारून बघायचा. गोण्यांनी पास झाली की मिस्त्री स्वतः आत उभा राहून जाणार. मगच लोकांना दार उघडायचं. चाळीस वर्षांत त्यांनी पास केलेली लिफ्ट कधी पडली नाही.

एकदाच एका लिफ्टने त्यांना तोंडघशी पाडलं, तेही आपल्याच दारातल्या. तेव्हा ते राहायचे त्या इमारतीत जुन्या पद्धतीची लिफ्ट होती. आत माणूस चढला की त्याच्या वजनाने खालची फळी जराशी दबायची, आणि लिफ्टला कळायचं की आत कोणीतरी आहे. लेक पाच वर्षांची, वजन चौदा किलो, तिने फळी दबायचीच नाही. एके दुपारी ती एकटी आत शिरली. लिफ्टला वाटलं रिकामीच आहे, म्हणून बाहेरून जो बटण दाबेल त्याच्याकडे ती निघून जायची. पोरगी चार वेळा वर-खाली फिरली, जराही रडली नाही, आणि घरी येऊन म्हणाली, “बाबा, लिफ्ट मला विचारतच नाही.” हलकी स्प्रिंग यायला आठ दिवस लागले. तोवर बाईंनी एका पिशवीत दोन जाडजूड शब्दकोश घालून पिशवी पोरीच्या हातात दिली. शब्दकोशांसकट ती लिफ्टला दिसायला लागली. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की आता कोणी हसतही नसे.

तर मिस्त्रींनी पेटीला कामाला लावलं. आधी मिक्सर लावला, मग मिक्सर आणि पंखा, मग त्यांच्या जोडीला दिवाणखान्यातला दिवा. इस्त्री लावली तेव्हा पेटीने ओरडून स्वतःला बंद करून घेतलं. मिस्त्री खूश झाले. “जास्त झालं की थांबते. शहाणी आहे,” ते म्हणाले, जणू त्यांनीच तिला घडवलं होतं. दोन दिवस घरातली प्रत्येक वायर तिला लागली. शेवटी त्यांनी तिच्यावर खडूने बरोबरची खूण केली, कामावर असताना करायचे तशी.

“गोण्या झाल्या,” ते म्हणाले. “आता माणूस घालून बघायचा. रविवारी दुपारी.”

रविवारी जेवणं आटपल्यावर सोफा भिंतीला लावला आणि दिवाणखान्यातच तंबू उभा केला. खुंट्या ठोकायला जमीन नव्हती, म्हणून चार कोपऱ्यांना चार खुर्च्या बांधल्या. पेटी पूर्ण भरली होती. पाणी गरम करायचं बटण बंद केलं, मशीन पेटीला लावलं, मिस्त्रींनी मास्क चढवला आणि आडवे झाले. काचेवर आठ हा आकडा उमटला.

“तू कुठे चाललीस?” मास्कमधून प्रश्न आला.

“मी बाहेर वाचत बसते.”

“माणसं दोन आहेत ना? मग ट्रायलही दोन माणसांची.”

बाई वाकून आत शिरल्या. गुडघ्याने पुन्हा तक्रार केली. त्या उताण्या पडल्या आणि वर तंबूच्या कापडाकडे बघत राहिल्या. दिवाणखान्यातलं ऊन कापडातून पिवळं होऊन येत होतं. मिस्त्रींना पाच मिनिटांत झोप लागली. मशीनचा आवाज म्हणजे काय, तर कोणीतरी सावकाश गरम चहावर फुंकर घालतंय एवढाच. हा आवाज माझी झोप मोडणार होता, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना एकाच वेळी हसू आलं आणि रागही आला. त्यांनी हात थोडा बाजूला सरकवला. मिस्त्रींचा दंड लागला. तिथेच त्यांनी तो राहू दिला. झोप आली असती तरी त्यांनी घेतली नसती, इतकं बरं वाटत होतं.

चार वाजून गेले असतील. टक् असा बारीक आवाज झाला आणि फुंकर थांबली.

बाईंना आधी काही कळलंच नाही. मग मिस्त्री घोरायला लागले, ते जुनं, ओळखीचं घोरणं. आणि ते घोरणं मध्येच तुटलं. तोंडातून आकडे आपोआप सुरू झाले. सातला त्यांनी मिस्त्रींचा खांदा गदागदा हलवला.

मिस्त्री उठून बसले, मास्क ओढून काढला, दोन मोठे श्वास घेतले. पेटीची काच काळी पडली होती. त्यांनी बटण दाबलं. काच उजळली आणि शहाण्णव टक्के शिल्लक आहे असं दाखवू लागली.

“भरलेली आहे,” बाई म्हणाल्या. “मग बंद का पडली?”

मिस्त्री पाठ वळवून मास्कची नळी गुंडाळायला लागले.

“उद्या परत देऊन ये,” ते म्हणाले. “दिवसाढवळ्या घरात ही गत. तिथे रानात मध्यरात्री बंद पडली तर तू काय करणार? रात्रभर जागी राहणार?”

“राहीन.”

“तेच नको आहे मला. तीन वर्षांपूर्वी तुझे डोळे कसे झाले होते, मी बघितलेत. तुझी झोप व्हावी म्हणून मी तिकडे गेलो. तू बहिणीबरोबर जा तळ्यावर. हौस भागव.”

बाईंनी तीन वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप तिथेच निघालं.

“मला तळ्याची हौस नाही,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या शेजारी झोपायचंय. पेटी त्यासाठी आणली. तंबूत दुसरी खोली नसते म्हणून आणली. तुम्ही तिकडे गेल्यापासून मी नीट झोपलेली नाही. रात्री दोनदा उठून मागच्या खोलीच्या दाराला कान लावते आणि फुंकर ऐकू आली की परत येते. आता सांगा, कोणाची झोप वाचवलीत तुम्ही?”

मिस्त्री तसेच पाठ करून बसले. नळी हातात होती, गुंडाळणं थांबलं होतं.

“दाराला कान लावतेस?”

“रोज.”

“मला वाटलं, मांजर असेल.”

“आपल्याकडे मांजर कुठंय?”

“तेच मला कळेना,” मिस्त्री म्हणाले. मग मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, पेटी पुढे ओढली आणि पुस्तिका उघडली. पानं उलटता उलटता ते एका ठिकाणी थबकले. तेवढंच पुन्हा वाचलं.

“किती ओढत होतं मशीन?”

“आठ. काचेवर होतं की.”

“दहाच्या खाली असलं तर पेटीला वाटतं की काही लावलेलंच नाही. दोन तास वाट बघते आणि वीज वाचवायला झोपी जाते.” त्यांनी पुस्तिका मांडीवर उपडी टाकली. “गोण्यांवर गोण्या टाकल्या मी तिच्यावर. जास्तीत जास्त किती, तेवढंच बघत बसलो. कमीत कमी किती, ते बघायचं सुचलंच नाही. आणि हे आयुष्यात एकदा आपल्याच पोरीवरून शिकलेला माणूस मी.”

बाईंना एका क्षणात कळलं. “लिफ्ट मला विचारतच नाही,” त्या म्हणाल्या.

“आठ वॅटचा माणूस,” मिस्त्री म्हणाले. “पेटीला दिसलोच नाही.” आता मात्र ते हसले. “ही खोड बंद करायचं बटण आहे, असं लिहिलंय. दाबून धरायचं.”

“मग झालं तर.”

“झालं कसं? लिफ्टला कधी एकच दोर असतो का? एक तुटला तर दुसरा हवा. बटण तर दाबूच, पण शब्दकोशही पाहिजेत. तुला काय लावायचं असतं रात्री?”

“मला काही लागत नाही.”

“तुझा कागद दाखव.”

बाईंनी उशीखालचा कागद दिला. मिस्त्रींनी तो डोळ्यांपासून लांब धरला, ‘ह्यांचं’ वाचलं, मग ‘माझं’ वाचलं, आणि त्या मोकळ्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“आणि गुडघ्याची गरम पट्टी? ती रोज लावतेस ना?”

“दोन रात्री नाही लावली तर काय होतंय. उगाच वीज खाते. तुमच्या मशीनला कमी पडली म्हणजे?”

“किती खाते?”

“बारीक ठेवली तर पंधरा.”

ती पट्टी जुनी होती, अक्कल नावाची गोष्ट तिच्यात नव्हती. लावली की लागली, काढेपर्यंत गरम. मिस्त्रींनी खिशातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. आठ आणि पंधरा तेवीस. तेवीस गुणिले आठ तास. गुणिले दोन रात्री. तीनशे अडुसष्ट. सव्वाचारशेत बसत होतं, वर थोडं उरतही होतं. मग त्यांनी ‘माझं’खाली आपल्या वाकड्या अक्षरात ‘पट्टी’ असं लिहिलं आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली.

“जा, घेऊन ये,” ते म्हणाले.

पट्टी आली. बाईंनी ती गुडघ्याला गुंडाळली, मिस्त्रींनी वायर पेटीत खोचली, आपलं मशीन लावलं, ते बटणही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबून धरलं. काचेवर तेवीस आलं. दोघं पुन्हा आडवी झाली. मिस्त्रींनी या वेळी आपला हात स्वतःहून बाजूला आणून ठेवला. फुंकर सुरू झाली. गुडघा हळूहळू ऊब धरू लागला. आता दोन तास जागं राहून बघायचं, बाईंनी मनाशी ठरवलं, आणि कापडाच्या शिवणीतले टाके मोजायला सुरुवात केली.

जाग आली तेव्हा ऊन गेलं होतं आणि दिवाणखान्यातला दिवा लागलेला होता. मिस्त्री मास्क गळ्यात अडकवून शेजारी बसले होते. पेटीच्या काचेवर तेवीस तसंच होतं.

“किती वाजले?”

“पावणेआठ. सव्वातीन तास झोपलीस,” मिस्त्री म्हणाले. “आणि घोरत होतीस.”

“काहीतरीच.”

“मी मोजत होतो. कुठे अडकली नाहीस.”

बाई उठून बसल्या. त्यांना लाजही वाटली आणि कितीतरी महिन्यांनी डोकं हलकंही वाटलं. तंबू तसाच राहू दिला, खुर्च्या सोडायचा कंटाळा आला. रात्रीची जेवणं झाली. भांडी आवरून बाई आत आल्या, तर मिस्त्री तंबूतलं मशीन घेऊन येत होते. एका हातात मशीन, दुसऱ्या काखेत मागच्या खोलीतली उशी. त्यांनी मशीन बाईंच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि त्याची वायर खाली भिंतीतल्या प्लगला लावली.

“तळ्यावर जायला अजून दोन आठवडे आहेत,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे,” मिस्त्री उशी झटकत म्हणाले. “पण एका ट्रायलवर मी कधी पास केलंय का कोणाला? रोज घेऊन बघू.”

बाईंनी आपली उशी भिंतीकडे सरकवली आणि जागा करून दिली.